सिस्टर, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी बोलली

सिस्टर, बोलली मी! बोलली एकदाची! तुमच्या तेरवीच्या पंगतीत, हातात वरणाची बादली, समोर अख्ख्या मोहल्ल्याच्या बाया, अन् त्या बायांत माझी आई. तुम्ही असत्या तर आधी टाळी वाजवली असती अन् मग म्हटलं असतं, "दीड वर्ष लावलं न, भैताडे!" म्हणा, म्हणा. परवापासून हे कोणाला तरी सांगायचं आहे, अन् ज्या माणसाला सांगायचं तेच नाही, म्हणून कागद घेऊन बसली. हसू येऊन राहिलं, रडूही येऊन राहिलं, अन् दोघांपैकी कोणाला आधी येऊ द्यायचं ते समजून नाही राहिलं.

आई काय म्हणाली ते सांगते, पण शेवटी. मधेच विचारू नका. तुम्हाला ती सवयच होती.

तेरा दिवस तुमच्या दारात लोक येऊन गेले. रामाकोना गावची एक म्हातारी आली होती, तिची तिन्ही लेकरं तुमच्या हातची, त्यातलं एक पायाळू. ती ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होती, नर्सबाई पुरातून चालत आली म्हणून. खरं असेल. तुम्ही मला कधी सांगितलं नाही. माझ्यासाठी तुम्ही पुरातून नाही आल्या, मी तुमच्याकडं आली, तीन घरं ओलांडून, चार वर्षांपूर्वी, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. आठवते न?

"सिस्टर, माझा उपास मोडला," मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून, अन् मी तुमच्या दिवाणावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागली.

तुम्ही चष्मा वर केला. "उपास मोडला म्हणून एवढं कोणी रडते काय? पाणी पी. आता खरं काय ते सांग."

मी वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी आम्ही कॉलेजातले सात-आठ जण मैत्रिणीच्या मामाच्या बगीच्यात गेलो होतो. घरी सांगितलं, महादेवाच्या दर्शनाला. झाडं मृग बहाराच्या संत्र्यांनी लदलेली. पोरांनी पितळेच्या मोठ्या गंजात रस काढला अन् त्यात व्होडका ओतली. लपूनछपून नाही, माझ्या डोळ्यांसमोर. अन् मी काय केलं? साबुदाण्याची खिचडी आणली होती कोणीतरी, ती मी खाल्ली नाही, कारण त्यात सेंधा मीठ आहे की साधं हे कोणाला सांगता येईना. उपास मोडायचा नव्हता न मला! पण रस चालतो. फळाचा आहे. आपल्या भागात संत्र्याचा रस म्हणजे ताप आला तरी द्या, बाळंतीण असली तरी द्या. रिकाम्या पोटी चार गिलास प्याली मी. गोड होता, कडू काहीच लागलं नाही. मग बगीच्यातल्या खोलीत मी अन् एक जण. तो ओळखीचा होता, वाईट वाटत नव्हता. पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवते. कंडोम नव्हता, हे मात्र पक्कं आठवते.

हे सगळं ऐकल्यावर तुम्ही हसल्या. सिस्टर, त्या हसण्याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आज सांगते, त्या हसण्यानंच माझा श्वास मोकळा झाला. "म्हणजे मिठाचा हिशोब ठेवला अन् दारूचा नाही," तुम्ही म्हणाल्या. "उपासाचं महादेव पाहून घेईल. तू हे सांग, किती तास झाले?"

गोळी तुमच्याकडं होती. चौकातला मेडिकलवाला बाबांसोबत रोज चहा पितो, त्याच्या दुकानात जाऊन ती गोळी मागण्यापेक्षा मी विहीर जवळ केली असती. तुम्ही समोर उभं राहून मला ती घ्यायला लावली. तीन दिवसांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी, अन् ही काही फुटाण्यासारखी रोज खायची वस्तू नाही, हेही तेव्हाच सुनावलं. मग माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "तू हो म्हटलं होतं?"

"आठवत नाही."

"हो म्हणायले शुद्ध लागते, पोरी. शुद्ध नाही तर ते हो नाही. हे त्यालेही समजायले पाहिजे होतं. पोलिसात जायचं असेल तर मी संगं येतो. नसेल जायचं तर मी ओढत नेत नाही. पण सगळी चूक माहीच, अशी गाठ मनात बांधू नको."

मी नाही गेली पोलिसात. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाही, पण सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीला स्वतः घेऊन गेल्या, अन् तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही शेंगदाणे खात होत्या अन् मलाही देत होत्या. काही निघालं नाही. दुसऱ्या वेळी मी तुमच्या गळ्यात पडली तर तुम्ही म्हणाल्या, "सरक, शेंगदाणे सांडतात."

तुमच्या रविवारच्या बैठका त्यानंतर सुरू झाल्या. दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा आपला मोहल्ला घोरत असतो. आम्ही सहा-सात जणी, सगळ्या अठराच्या पुढच्या. कोणी कॉलेजची, कोणी कंपनीत पॅकिंगला जाणारी, एक लोधीखेड्याहून बसनं यायची, तिचं तर लग्न ठरलेलं होतं. माय वो, काय मजा होती! पहिल्याच रविवारी तुम्ही प्रत्येकीच्या हातात स्टीलचा गिलास दिला अन् म्हटलं, पाण्याला दारू समजा अन् एक पेग ओता. मग खोकल्याच्या औषधाचं ते छोटं झाकण काढलं अन् प्रत्येकीचं पाणी मोजलं. तीन झाकणं व्हायला पाहिजे होती. माझी सात निघाली! राणीची नऊ! राणी म्हणजे नंदाकाकूची लेक, जी देवळात सगळ्यात पुढं बसते. तुम्ही झाकण वर धरून म्हणाल्या, "पाहा, पेग एक सांगते अन् पिते तीन. म्हणून सांगतो, दुसऱ्यानं ओतलेलं घ्यायचं नाही."

अन् ते नाटक! बासष्ट वर्षांची बाई पदर कमरेला खोचून पोट्टा बनायची. टेबलाला टेकून, एक भुवई वर करून, "अरे यार, एक से क्या होता है? तू मुझपे ट्रस्ट नहीं करती?" आम्ही हसून हसून लोळायचो. पण तुम्ही सोडायच्या नाही. ज्या पोरीची पाळी असेल तिनं तुमच्या डोळ्यांत पाहून नाही म्हटल्याशिवाय खाली बसायचं नाही. "हसत हसत नाही म्हणू नको. हसली की त्याले ते हो वाटते. पुन्हा म्हण." पंधरा पंधरा वेळा म्हणायला लावायच्या. लोधीखेड्याच्या पोरीला सोळाव्या वेळी जमलं अन् ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तुमचे नियम चार शब्दांत सांगता यायचे. खाऊन जा. ठरवून जा. जोडीनं जा, जोडीनंच परत ये. अन् जवळ ठेव. जवळ म्हणजे कंडोम, पर्समध्ये, कारण तो आणेल या भरवशावर राहणारी पोरगी माझ्यासारखी तुमच्या दिवाणावर येऊन रडते. जोडीदारणीला गिलास हिसकायचा हक्क असायचा अन् तिच्यावर रुसायचं नाही. राणीनं एका बर्थडेला माझा गिलास कुंडीत ओतला होता. ते झाड जगलं की नाही माहीत नाही, मी जगली.

आपलं भांडण मात्र मिटलंच नाही. मी म्हणायची, सिस्टर, हे मोजून प्या, जपून जा कशाला? सरळ सांगा, पिऊ नका, पोरांसोबत जाऊ नका, विषय खतम. माझं तोंड पोळलं होतं न, मला सगळ्या जगाचं ताक बंद करायचं होतं. तुम्ही म्हणायच्या, "सांगतोच न मी, नका पिऊ म्हणून. पण ज्या पितात त्याहिले तू बंद म्हटलं, तर त्या काय बंद करतील? तुले सांगनं बंद करतील. बाकी सगळं चालूच राहील." मी चिडून उठून जायची. पुढच्या रविवारी पुन्हा यायची. राणीचं पिणं नऊ झाकणांवरून तीनवर आलं, मग नाहीवर आलं, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. तरी तुम्ही बरोबर आहात हे मी म्हटलं नाही. आता म्हणते. तुम्ही बरोबर होत्या. झालं समाधान?

अन् आता तो दिवस. तो मला लिहायचाच नव्हता, पण त्याच्याशिवाय परवाचं काय सांगू?

दीड वर्षापूर्वीची भुलाबाई. तुम्हाला भुलाबाईचं भारी वेड. गाणी झाली की झाकलेला डबा हलवायचा, आतली खिरापत बाकीच्यांनी ओळखायची. तोच खेळ तुम्ही रविवारीही खेळायच्या. स्टीलच्या डब्याला फडकं बांधून हलवायच्या, आम्ही आवाजावरून ओळखायचं आज काय शिकणार, झाकण निघालं की कधी ते औषधाचं झाकण, कधी गोळीचं पाकीट, कधी कंडोम. त्या दिवशी रविवारच होता. संध्याकाळी नंदाकाकूकडं बायांची भुलाबाई अन् खिरापत तुमची. तुम्ही मला म्हणाल्या, प्राची, ओट्यावरचा डबा घेऊन ये. ओट्यावर दोन डबे होते. दोन्हींना लाल फडकं.

नंदाकाकूच्या अंगणात तुम्ही डबा हलवला. बाया ओळखायला लागल्या. लाडू? नाही, आवाज हलका आहे. चिवडा? पापडी? आई म्हणाली, "कुरमुरे?" तुम्ही आवाज ऐकला तेव्हाच तुम्हाला समजलं असेल, कारण तुम्ही एकदम हलवायच्या थांबल्या. पण नंदाकाकूनं डबा ओढला. "हरलो बावा आम्ही, उघडा!" अन् उघडला.

भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींपुढं कंडोमची पाकिटं सांडली. एक आईच्या मांडीत पडलं.

मग नंदाकाकू, "नर्सबाई, हे काय देवापुढं?" तुम्ही पाकिटं गोळा करत म्हणाल्या, "डबा बदलला. खिरापत घरी राहिली. हे मी पोरीहिले शिकवायले ठेवतो."

"कोणत्या पोरीहिले?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. तुम्ही नाव घेणार नव्हत्या, मला माहीत होतं. मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. डबा मी आणला, अन् या बाईनं मला सांभाळलं. मी तुळशीजवळ उभी राहून माझ्या पायांकडं पाहत होती. राणी घरात पळाली. अन् आई उठली. "आपल्या पोरी तशा नाहीत. माह्यी प्राची तुमच्या दारात दिसली तर पाय तोडीन तिचे."

रविवार संपले. पोरी यायच्या बंद झाल्या, बाया तुमच्याकडं रक्तदाब मोजायलाही येईनात. अन् तुम्ही मला एक शब्द बोलल्या नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रस्त्यात भेटल्या की एवढंच, "बोलशील न आईले?" मी म्हणायची, परीक्षा होऊ द्या. मग म्हणायची, नोकरी लागू द्या. शाळेत विज्ञान शिकवायला लागली, पोरांना मानवी शरीर शिकवून राहिली अन् घरी तोंड शिवलेलं. शेवटच्या वेळी तुम्ही फाटकाशी उभ्या होत्या, मी स्कूटीवर, उशीर होऊन राहिला होता. "बोलशील न?" मी म्हटलं, "रविवारी पाहू, सिस्टर." शुक्रवारी तुम्ही गेल्या. त्या "पाहू"ची मला इतकी लाज वाटते की ते लिहितानाही खोडावंसं वाटून राहिलं.

आता परवाचं ऐका! तुमच्या भाच्यानं पांढुर्ण्याहून येऊन तेरवी नीट पार पाडली, कमी काही पडलं नाही. बायांची पंगत बसली, मी वरण वाढून राहिली होती. सगळ्या तुमचं चांगलंच बोलून राहिल्या. अन् नंदाकाकूनं पोळी मोडता मोडता सुस्कारा टाकला. "मनानं सोनं होती. पण शेवटी शेवटी पोरी बिघडवल्या तिनं."

सिस्टर, मला काय झालं माहीत नाही. मी बादली खाली ठेवली. तुमच्या त्या पोट्ट्याला नाही म्हणायची तशी सरळ नंदाकाकूच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "बिघडवल्या नाही. बिघडली मी स्वतःच होती, बगीच्यात, दारू पिऊन. त्यांनी सावरलं."

पुढं थांबताच येईना! सगळं सांगितलं. उपास, रस, चार गिलास, तो, गोळी, दोन तपासण्या. कंडोम हा शब्द तेरवीच्या पंगतीत बोलली मी, सिस्टर, अन् आभाळ नाही कोसळलं. डबा मी बदलला हेही सांगितलं. वरण वाढायचं राहिलं, भात कोरडा पडून राहिला, एकही बाई खाऊन नाही राहिली. अन् तेवढ्यात आतून राणी आली, हातात भज्यांचं ताट. "मीही जात होती, आई. मी नऊ झाकणं प्यायची. आता नाही पीत." नंदाकाकूचा घास तोंडाशी तसाच! तुम्ही ते पाहायला पाहिजे होतं. मी अर्धी मेली होती तरी मला हसू आलं.

आई ताटावरून उठली. हात धुतले अन् घरी निघून गेली. माझ्याकडं पाहिलंही नाही. मला वाटलं, गेली. माझी आई गेली आता माझ्या हातातून. रात्री उशिरापर्यंत ती भांडी आपटून राहिली.

काल सकाळी बाबा कामावर गेले. आई खाली बसून मेथी निवडून राहिली होती. मी शाळेची पिशवी भरत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "तेव्हा मले काहून नाही सांगितलं?"

"तू मारलं असतं."

"हाव. मारलं असतं." एक जुडी निवडून झाली, तिनं दुसरी घेतली. "अन् मारून झालं की दवाखान्यात मीच नेलं असतं. दुसऱ्याच्या दारात कायले जा लागलं तुले? मी का मेली होती?"

मी पिशवी घेऊन तिथंच फरशीवर बसली. चार वर्षं मी मारापर्यंतच विचार केला होता, सिस्टर. माराच्या पुढंही आई असते, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

मग तिनं खरंच एक रपाटा घातला पाठीत, मेथीच्या ओल्या हातानं. अन् तोच हात तिथं तसाच ठेवून विचारलं, "लय घाबरली होती काय तू?"

"हाव," मी म्हटलं. दोघीही रडलो. मी शाळेत उशिरा गेली अन् दिवसभर उगाच हसत होती, पोरांना वाटलं बाईचं लग्न ठरलं.

पण संपलं नाही अजून! संध्याकाळी राणीचा फोन आला, आठ पोरी तयार आहेत, रविवारी कुठं बसायचं म्हणून. आईनं ऐकलं. म्हणाली, "इथंच बसा. पण त्याहिच्या आयांलेही बोलावतो मी." मी म्हटलं, आई, आया आल्या तर एकही पोरगी तोंड उघडणार नाही! ती म्हणाली, अन् आया नाही आल्या तर तुह्यासारख्या चार चार वर्षं गप्प राहतील, त्याचं काय? मी म्हटलं, तुला समजत नाही. ती म्हणाली, मले समजत नाही तर त्या नर्सबाईले विचारून ये, जा.

रागात बोलून गेली ती. अन् मीही रागातच चप्पल घातली अन् तरातरा निघाली तुम्हाला विचारायला. तीन घरं ओलांडून तुमच्या फाटकाला हात लावला, तेव्हा समजलं. आत अंधार होता अन् भाच्यानं लावलेलं नवं कुलूप. मी वळून पाहिलं तर आई आमच्या दारात उभी. तिलाही तेव्हाच आठवलं असावं, कारण ती पदर तोंडाला लावून माझ्याकडंच चालत येत होती.